स्कॅनमध्ये उभी रेघ, पुसट शिक्के, मागची अक्षरं पुढे: मशीन बदलायचं का?

कोथरूडकर | शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटचं घाटतंय आणि वकिलांनी सगळी कागदपत्रं स्कॅन करून मागितलीयेत. खरेदीखत, इंडेक्स टू, प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशा, सभासदांची शेअर सर्टिफिकेटं, जुन्या वार्षिक सभांची इतिवृत्तं, असा सगळा पसारा आहे. सोसायटीच्या ऑफिसात एक ऑल-इन-वन आहे, वर फीडर (पानं एकामागून एक आपोआप आत ओढणारा भाग) असलेला, प्रिंट अजूनही स्वच्छ देतो पण स्कॅनचं काही खरं नाही.

एक तर प्रत्येक पानावर उजवीकडे, समासापासून साधारण दोन बोटं आत, वरपासून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ येते. सह्या नेमक्या तिथेच असतात, त्यामुळे सही कापल्यासारखी दिसते. दुसरं म्हणजे स्टँप पेपरवरचे जांभळे शिक्के इतके पुसट येतात की नोटरीचं नाव वाचता येत नाही, कागदावर मात्र ते ठळक आहेत. आणि तिसरं, खरेदीखत पातळ कागदावर दोन्ही बाजूंनी टाइप केलेलं आहे, त्यातली मागची अक्षरं उलटी होऊन पुढे दिसतात.

काच पुसून झाली, झाकण पुसून झालं, मशीन बंद-चालू करून झालं. सर्व्हिसवाला बघून गेला, म्हणाला स्कॅनर युनिट गेलंय, ते बदलण्यापेक्षा नवीन मशीन घ्या. सोसायटीच्या पैशाने घ्यायचं तर कमिटीचा ठराव आला, कोटेशनं आली, आणि वकिलांना कागद लवकर हवेत. मूळ खरेदीखत झेरॉक्सवाल्याकडे सोडून यायची माझी अजिबात तयारी नाही. यातलं कोणाला कळत असेल तर सांगा, खरंच युनिट गेलं असेल का?


रोलरवाला | शनिवार, रात्री ११:२५

एवढ्यावरून युनिट गेलं असं नाही म्हणता येणार. पैसे खर्च करायच्या आधी थांबा.

ज्या पानावर रेघ आली तेच पान फीडरमध्ये न घालता झाकण उघडून मोठ्या काचेवर ठेवा आणि स्कॅन करा. लीगल साइज असेल तर पूर्ण मावणार नाही, नाही तर नाही, आपल्याला फक्त रेघ बघायचीय. काचेवर रेघ नाही आणि फीडरमधूनच येते, तर सेन्सर ठणठणीत आहे. तुमच्यासारख्या मशीनमध्ये पुढची बाजू दोन्हीकडे एकच सेन्सर वाचतो, तो गेला असता तर दोन्हीकडे रेघ दिसली असती.

कारण असं की मोठ्या काचेवर कागद थांबलेला असतो आणि सेन्सर खालून सरकत जातो, त्यामुळे काचेवर कचरा असेल तर स्कॅनमध्ये त्या जागी एक ठिपका येतो, बस. फीडरमध्ये सगळं उलटं. सेन्सर एका जागी उभा राहतो आणि कागद त्याच्यावरून सरकतो. मग त्या जागी एकच कण असला तरी पानाची प्रत्येक ओळ त्या कणावरून जाते आणि ठिपक्याची अख्खी रेघ होते.

ही जागा कुठे? मोठ्या काचेच्या डाव्या बाजूला, मध्ये प्लॅस्टिकची पट्टी सोडून, एक अरुंद काचेची पट्टी असते. बहुतेक मशीनमध्ये तिथेच. लोक मोठी काच लख्ख करतात आणि हिच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही. जुने कागद असले की त्यांच्यावरचा सेलोटेपचा चिकटा, पाकिटाचा गोंद, न वाळलेली शाई असं काहीतरी त्या पट्टीला लागतं आणि त्यावर धूळ बसून ते काळं पडतं. व्हाइटनरचा कण असेल तर रेघ पांढरी येते, अक्षरं कापत जाते.

कण शोधायला रेघ आलेलं पान घ्या, कडेपासून रेघ किती आत आहे ते पट्टीने मोजा आणि तेवढ्याच अंतरावर काचपट्टीवर बघा. फीडरमध्ये कागद पलटून जातो, त्यामुळे डावं-उजवं उलटं होऊ शकतं, दोन्ही टोकांकडून मोजा. मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. सरळ वरून धरला तर काहीच दिसत नाही, तिरक्या उजेडात कण उठून दिसतो.

पुसायला चष्म्याचं मायक्रोफायबर फडकं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. थेंब फडक्यावर घ्यायचे, काचेवर ओतायचं नाही, कडेने आत उतरतं आणि मग आतून डाग पडतो. चिकटा सुक्या फडक्याने निघत नाही, ओलं फडकं त्याच्यावर थोडा वेळ नुसतं दाबून ठेवा, मऊ झाला की येतो. ब्लेड लावू नका हो, कृपा करा. काचेला चरा गेला की ती रेघ कायमची. आणि पट्टीच्या बरोब्बर वर, झाकणाच्या बाजूला एक पांढरी पट्टी किंवा रोलर असतो, तोही पुसून घ्या.


हिंजवडी_शटल | शनिवार, रात्री ११:५०

रोलरवाला यांच्याशी सहमत. अजून एक करून बघा, पान १८० अंशात फिरवून परत स्कॅन करा. रेघ पानाबरोबर फिरली तर ती कागदावरच आहे, घडीची किंवा जुन्या झेरॉक्सची. रेघ स्क्रीनवर होती तिथेच राहिली तर मशीनची. हे सोपंय पण करत कोणी नाही, आणि जुन्या झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये अशा रेघा पोटात घेऊन आलेले कागद कितीतरी असतात.

फीडर दोन्ही बाजू एकदम स्कॅन करणारा असेल आणि रेघ फक्त मागच्या बाजूला येत असेल तर दुसरा सेन्सर फीडरच्या आत असतो, त्याची काच वेगळी पुसावी लागते.


पटकन_सांगा | रविवार, सकाळी ८:१५

एवढा व्याप कशाला, मोबाइलवर स्कॅनचं अ‍ॅप टाका आणि फोटो काढा. आजकाल सगळे तेच करतात. कडा कापून, सरळ करून, पीडीएफ करून देतं.


मोडीप्रेमी | रविवार, सकाळी ९:०५

@पटकन_सांगा, लाइट बिल पाठवायला अ‍ॅप उत्तम आहे, मीही वापरतो. पण खरेदीखताला नको. अ‍ॅप कागद सरळ करताना चित्र ताणतं, सावली घालवायच्या नादात कागदाचा मूळ रंग पांढराफटक करतं, आणि फिकट शिक्का त्यातच उडतो. लीगल कागद हातात धरून फोटो काढला की मधला भाग स्पष्ट आणि कोपरे धूसर, हे तर ठरलेलंच. ज्या कागदावर पुढे वाद होऊ शकतो त्याचा स्कॅन असा हवा की मूळ कागद समोर नसताना वकिलाला त्यातला प्रत्येक शिक्का वाचता आला पाहिजे.

@कोथरूडकर, तुमच्या दुसऱ्या अडचणीचं उत्तर बहुधा सेटिंगमध्ये आहे. स्कॅन ब्लॅक अँड व्हाइट मोडमध्ये करताय का? बऱ्याच ऑफिस मशीनमध्ये 'टेक्स्ट' किंवा 'डॉक्युमेंट' असं निवडलं की ते गुपचूप दोन रंगांवर येतं, मधली करडी छटा शिल्लकच राहत नाही. मशीन प्रत्येक बिंदूला विचारतं की तू काळा की पांढरा, आणि फिकट जांभळा बिचारा पांढऱ्यात जातो.

आणि आपल्या देवनागरीचं नुकसान इंग्रजीपेक्षा जास्त होतं हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. या मोडबरोबर 'डिस्पेकल' म्हणजे बारीक ठिपके घालवायची सोय बऱ्याचदा चालू असते. मशीनच्या लेखी अनुस्वार हा कागदावर पडलेला कचरा आहे. जुन्या टाइपरायटरवरच्या मजकुरात अनुस्वार आधीच बारीक, तो सरळ पुसला जातो. 'नांदेड' चं 'नादेड' होतं, 'शिंदे' चं 'शिदे'. आडनावातला अनुस्वार गेलेला स्कॅन कोणी नीट वाचला नाही तर तो तसाच पुढे टाइप होतो. शिरोरेघ पुसट असेल तर ती तुटून अक्षरं सुटी पडतात ते वेगळंच.

म्हणून शिक्के, सह्या असलेलं प्रत्येक पान रंगीत, ३०० डीपीआय (म्हणजे इंचाला ३०० ठिपके). नुसता टाइप केलेला मजकूर असेल तर ग्रेस्केल, म्हणजे करड्या छटांमध्ये, ३०० चालेल. डिस्पेकल बंद, ऑटो कॉन्ट्रास्ट बंद, 'बॅकग्राउंड रिमूव्हल' असं काही दिसलं तर तेही बंद. स्टँप पेपरची हिरवट छटा दिसू दे, ती कागदाचा भाग आहे.


कोथरूडकर | रविवार, दुपारी १:३०

मंडळी, काय सांगू! पट्टीवर टॉर्च तिरका मारला आणि कण दिसला. खसखशीच्या दाण्याएवढा पण नसेल, तपकिरी-काळा, नखाला जेमतेम लागत होता. मोजलेल्या अंतरावरच होता, फक्त उलट्या बाजूने. आयसोप्रोपिल तपकीर गल्लीतून आणायला उद्या जाणार होतो पण शेजारच्यांचा मुलगा मोबाइल रिपेअरिंग करतो, त्याच्याकडे बाटली होती. फडकं दाबून ठेवलं आणि कण फडक्यावर आला, कडेला चिकट पिवळसर डाग राहिला होता तोही गेला. आता फीडरमधून पानं एकदम स्वच्छ येतायत, एकही रेघ नाही.

रोलरवाला साहेब, तुमचे मनापासून आभार. सोसायटीचे पैसे वाचले. मोडीप्रेमी, तुमचंही बरोबर निघालं, 'डॉक्युमेंट' प्रोफाइल ब्लॅक अँड व्हाइटच होतं. रंगीत केल्यावर नोटरीचा शिक्का, नोंदणी क्रमांक, सगळं वाचता येतंय. एका सभासदाच्या आडनावातला अनुस्वार खरोखरच गायब होता आधीच्या स्कॅनमध्ये, आता आला.

मागची अक्षरं मात्र अजून दिसतायत, उलट रंगीत केल्यावर जास्तच.


मोडीप्रेमी | रविवार, दुपारी २:१०

त्याला काळा कागद. झाकणाची आतली बाजू पांढरी असते, पातळ कागदातून आरपार गेलेला उजेड त्या पांढऱ्यावर आपटून परत येतो आणि येताना मागची अक्षरं घेऊन येतो. कागदाच्या मागे काळा कार्डशीट ठेवला की तो उजेड काळ्यात मुरतो. अप्पा बळवंत चौकात कुठल्याही स्टेशनरीवाल्याकडे मिळेल, मॅट घ्या, चकचकीत नको. पान थोडं गडद येईल, ते नंतर ब्राइटनेस किंचित वाढवून जमतं.

हे फक्त मोठ्या काचेवर जमेल, फीडरमध्ये नाही. आणि असं पातळ, घड्यांवर विरलेलं खरेदीखत मी तरी फीडरमध्ये घालणार नाही. रोलरने एकदा चुरगळलं की संपलं.


कोथरूडकर | रविवार, दुपारी २:२०

पण लीगल कागद काचेवर मावत नाही हो, तिथेच तर गाडं अडतंय.


रोलरवाला | रविवार, दुपारी ३:००

ए-फोर काच २९७ मिमी लांब असते आणि लीगल कागद जवळपास ३५६ मिमी. दोन तुकड्यांत घ्या, वरचा भाग आणि मग खालचा भाग, मध्ये चांगल्या चार-पाच ओळी दोन्हीकडे येऊ द्यात. जोडायचं असेल तर दोन्ही वेळेला ऑटो एक्स्पोजर (मशीनने उजळपणा आपोआप ठरवणं) बंद ठेवा, नाहीतर वरचा अर्धा पिवळसर आणि खालचा पांढरा येईल. न जोडता दोन पानं लागोपाठ ठेवली तरी वकिलांना चालतं का विचारा, बहुतेक चालतं. किंवा ए-थ्री काचेचं मशीन ओळखीच्या कोणाच्या ऑफिसात असेल तर स्वतः जाऊन बसा, कागद हातातून सोडायचा नाही.

जाड, धड कागद खुशाल फीडरमधून काढा. फक्त आधी पिना काढा, सगळ्या. घडीत लपलेली एक स्टेपलर पिन त्या काचपट्टीवरून गेली की कायमचा चरा.

आणि कधी पानं वाकडी येत असतील किंवा अक्षरं उभी ताणल्यासारखी, लांबट दिसत असतील तर रोलर घसरतायत असं समजा. कागद जिथे थबकतो तिथे सेन्सर त्याच ओळी परत वाचतो. पाण्याने ओलसर करून घट्ट पिळलेल्या फडक्याने रोलर फिरवत फिरवत पुसायचे, रबर गुळगुळीत होऊन चमकायला लागलं असेल तर रोलर बदलायचा, तो युनिटच्या मानाने फार स्वस्त पडतो.


धनकवडी_अमोल | रविवार, सायंकाळी ६:४५

धाग्यात घुसतोय, माझं वेगळं आहे. घरी साधा फ्लॅटबेड आहे, फीडरच नाही. तरी उभी रेघ येते, पांढरट, कधी हिरवट. काच दोन्ही बाजूंनी तपासली, काही नाही. आता काय?


रोलरवाला | रविवार, सायंकाळी ७:३०

अमोल, तुमचा कचरा काचेवर नसून पांढऱ्या कॅलिब्रेशन पट्टीवर असणार. काचेच्या एका टोकाला, कडेच्या प्लॅस्टिक चौकटीखाली, आतल्या बाजूने एक पांढरी पट्टी चिकटवलेली असते. स्कॅनर आधी ती बघतो आणि सेन्सरच्या प्रत्येक बिंदूला सांगतो की याला पांढरं म्हण. त्या पट्टीवर धुळीचा कण असला की तिथल्या बिंदूला वाटतं आपल्याला उजेड कमी पडतोय, तो स्वतःला वाढवून घेतो आणि मग अख्ख्या पानावर तेवढ्या जागी जास्त उजळ दाखवत जातो. म्हणून काळी नाही, पांढरट किंवा रंगीत रेघ.

त्यासाठी काच काढावी लागते. स्क्रूवाला असेल तर जमतं, बारीक सेन्सरवाल्या पातळ मशीनमध्ये काच डबल टेपने चिकटवलेली असते, ती घरी काढू नका. वॉरंटी असेल तर हात लावायचाच नाही. एक करून बघा, यूएसबीवरच चालणारा स्कॅनर असेल तर हबमधून काढून थेट कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला लावा. कमी वीज मिळाली तरी दिवा मंद होऊन पट्टे येतात, ते आधी बाद होऊ दे.


छपाईवाला | सोमवार, सकाळी ११:००

चांगला धागा आहे, नारायण पेठेत छपाईत आयुष्य गेलेला माणूस म्हणून एक भर घालतो. कोथरूडकर, तुमच्याकडे पेपरात दिलेल्या जाहीर नोटिशीची कात्रणं असतील, सोसायटीच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका असेल. त्यातले फोटो स्कॅन केले की त्यावर जाळी येते, लाटालाटांचं नक्षीकाम. तो मशीनचा दोष नाही. छापलेला फोटो म्हणजे ठिपक्यांची रांग असते आणि स्कॅनरही ठिपक्यांनीच वाचतो, दोन जाळ्या एकमेकींवर तिरक्या पडल्या की तिसरीच नक्षी दिसते. वर्तमानपत्राची जाळी साधारण ८५ लाइनची, म्हणजे इंचाला ठिपक्यांच्या ८५ ओळी, मासिकाची १३३ च्या आसपास, आर्ट पेपरवरच्या कामाला १७५. स्कॅनर सॉफ्टवेअरमध्ये 'डिस्क्रीन' म्हणून पर्याय असतो, त्यात न्यूजपेपर, मॅगझीन असं निवडायला मिळतं, तो लावा. नसेल तर ६०० ला स्कॅन करून, किंचित ब्लर देऊन मग ३०० ला खाली आणा. आणि खऱ्या फोटोला, म्हणजे स्टुडिओतल्या प्रिंटला, डिस्क्रीन कधीही लावू नका, विनाकारण मऊ पडतो.


हिंजवडी_शटल | सोमवार, दुपारी १२:२०

फाइल लहान करताना एक मोठा धोका आहे, तो इथे लिहून ठेवायलाच हवा. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल नावाच्या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या लक्षात आलं की झेरॉक्स कंपनीची काही वर्कसेंटर मशीनं स्कॅन करताना आकडेच बदलतायत. त्याच्यासमोर बांधकामाचा नकाशा होता, त्यात खोल्यांची क्षेत्रफळं वेगवेगळी आणि स्कॅनमध्ये सगळीकडे १४.१३. आकडे धूसर नाहीत, छान ठळक, पण चुकीचे. जेबिग-टू नावाच्या कॉम्प्रेशनमुळे झालं होतं ते. सारखी दिसणारी अक्षरं ते एकदाच साठवतं आणि बाकी ठिकाणी तीच चिकटवतं, बारीक ६ आणि ८ त्याला एकसारखे वाटले. कंपनीने नंतर दुरुस्तीचं सॉफ्टवेअर दिलं.

त्यामुळे रिडेव्हलपमेंटच्या कागदात कार्पेट एरियाचे आकडे असताना फाइल 'स्मॉलेस्ट साइज' ला कधीच टाकायची नाही. ए-फोर रंगीत पान ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८ पिक्सेल, कॉम्प्रेशनशिवाय साधारण २६ एमबी. ते टिफ या क्वालिटी न घटवणाऱ्या फाइल-प्रकारात आपल्याजवळ ठेवा, आणि पाठवायला त्याच्यातून चांगल्या क्वालिटीची जेपीजी किंवा पीडीएफ काढा. विंडोजच्या डीफॉल्ट खिडकीत सेटिंग कमी दिसत असतील तर नॅप्स-टू हे स्कॅनचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात ट्वेन ड्रायव्हर (मशीनच्या कंपनीचा स्वतःचा स्कॅन प्रोग्रॅम) निवडता येतो, सगळे पर्याय उघडे होतात.


कोथरूडकर | सोमवार, दुपारी २:००

हे वाचून अंगावर काटा आला. आजच सगळ्या फ्लॅटचे क्षेत्रफळाचे आकडे मूळ कागदाशी ताडून बघायला बसतोय, दुसरे एक सभासद वाचून दाखवतील आणि मी स्क्रीनवर बघेन.

मंजूर नकाशाचं काय करावं? निळसर जुनी प्रिंट आहे, गुंडाळलेली, टेबलभर मोठी.


छपाईवाला | सोमवार, दुपारी ३:१५

तो घरच्या मशीनवर तुकड्यांत करू नका, जोडताना मापं हलतात आणि नकाशात मापंच महत्त्वाची. मोठ्या शीटचा स्कॅनर असलेल्या प्लॉटिंगवाल्याकडे स्वतः घेऊन जा, समोर उभं राहून करून घ्या. रंगीतच घ्या, निळ्यावरच्या फिकट रेषा ग्रेमध्ये बुडतात. स्कॅन हातात आला की नकाशावर लिहिलेलं एखादं लांब माप, समजा भिंतीचं, स्क्रीनवर मोजा आणि त्यालाच काटकोनात असलेलं दुसरंही मोजा. दोन्ही एकाच प्रमाणात आली तर कागद रोलरमध्ये ताणला गेला नाही. आणि नकाशा उन्हात ठेवू नका, या अमोनिया प्रिंट उजेडाने उडतात.


नदीकाठची | सोमवार, रात्री ९:३०

इतकी जाणकार मंडळी एकत्र दिसली म्हणून विचारते. आमच्या माहेरी नदीकाठच्या वाड्यातले फोटो आहेत, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हाच्या पाण्यातून वाचलेले. आजीने ते वाळवून ट्रंकेत ठेवले होते. बरेचसे कडेने वर वळलेत, काहींवर चिखलाची पुसट रेषा अजून आहे. माझ्या पातळ, यूएसबीवाल्या स्कॅनरवर मधला भाग स्पष्ट येतो पण वळलेला भाग एकदम धूसर. झाकण जोरात दाबायची भीती वाटते, कडेला चिरा आहेत. दोन फोटो तर फ्रेमच्या काचेलाच चिकटलेत. आणि साठ-सत्तरच्या दशकातले नंतरचे काही दाणेदार कागदावरचे आहेत त्यांच्यावर स्कॅनमध्ये सगळीकडे पांढरे चमकते ठिपके येतात. हे फोटो नीट यावेत अशी फार इच्छा आहे, आत्या आता नव्वदीच्या पुढे आहे, तिला मोठे करून दाखवायचेत, त्यातली माणसं तीच ओळखू शकते.


छपाईवाला | सोमवार, रात्री १०:१०

ताई, आधी एक, झाकण अजिबात दाबू नका आणि फोटो सपाट करायला इस्त्री, वजन असलं काही करू नका. तडकलेला थर निघून येतो आणि तो परत बसत नाही.

धूसर येतंय कारण तुमचा स्कॅनर सीआयएस प्रकारचा आहे. त्याचा सेन्सर काचेला अगदी लागून असतो, काचेवर टेकलेलं तेवढंच त्याला स्पष्ट दिसतं, थोडं वर उचललं की गेलं. जुन्या पद्धतीचे जाड सीसीडी स्कॅनर असतात, आत आरसे आणि लेन्स, त्यांना काचेपासून थोडं वर असलेलंही दिसतं. एप्सनचा व्ही ६०० हा त्यातला. ओळखीत कोणाकडे तसा असेल तर वळलेले फोटो त्यावर करा. ६०० डीपीआय पुरे, फोटो अगदी छोटे, सव्वादोन इंची चौकोनी असतील तर १२०० ला घ्या, तेवढ्या प्रिंटमधून मोठं करायला मग जागा राहते.

काचेला चिकटलेले दोन फोटो फ्रेममधून काढायचे नाहीत. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो, पाण्याने फुगून काचेला बसलाय, ओढला की चेहरा काचेवर राहील आणि कागद हातात येईल. ते काचेसकट कॅमेऱ्याने काढा. फ्रेम भिंतीला सरळ उभी, दोन्ही बाजूंना एकसारखे दोन दिवे ४५ अंशात, खोली अंधारी, आणि कॅमेऱ्यामागे काळं कापड टांगा म्हणजे काचेत तुमचंच प्रतिबिंब येणार नाही. ट्रायपॉड हवा.


मोडीप्रेमी | सोमवार, रात्री १०:४०

दाणेदार कागदाचं मी सांगतो. स्कॅनरचा दिवा एका बाजूने उजेड टाकतो, दाण्याची त्या बाजूची कड चमकते आणि तोच पांढरा ठिपका. फोटो एकदा सरळ ठेवून स्कॅन करा, मग काचेवरच १८० अंशात फिरवून दुसऱ्यांदा, बाकी सगळी सेटिंग तीच, ऑटो काहीही नको. दुसऱ्या वेळी चमक दाण्याच्या विरुद्ध कडेला येते. जिंप या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही एकमेकांवर ठेवा, दुसरा फिरवून सरळ करा, डोळ्यांच्या बाहुल्यांवर नेमके जुळवा आणि वरच्या लेयरला 'डार्कन ओन्ली' लावा. दोन्हींपैकी जो बिंदू गडद तो राहतो, चमक दोन्हीकडची जाते. जुळवायला वेळ लागतो, एका फोटोला संध्याकाळ गेली तरी वाईट वाटून घेऊ नका. एकाच फोटोवर आधी करून बघा.

चिखलाची रेषा स्कॅनमध्येही पुसू नका, निदान मूळ फाइलमध्ये तरी. डागासकट एक टिफ ठेवा आणि आत्यांना दाखवायला साफ केलेली दुसरी प्रत करा. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेली नावं, साल असं काहीतरी असतं, आत्यांना आठवायला त्याची मदत होईल.


नदीकाठची | मंगळवार, सकाळी ७:५०

मागची बाजू बघायचं डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता उठल्या उठल्या एक फोटो उलटून पाहिला, पेन्सिलीने तीन नावं आहेत, दोन वाचता येतायत, तिसरं पाण्याने गेलंय. ते स्कॅनमध्ये उठवायचा काही मार्ग?


मोडीप्रेमी | मंगळवार, सकाळी ८:२५

आहे. पेन्सिल म्हणजे ग्रॅफाइट, त्याला चमक असते आणि कागदाला नसते. स्कॅनर बाजूला ठेवा, खिडकीजवळ किंवा टॉर्च अगदी आडवा, कागदाला समांतर धरून मोबाइलने फोटो काढा, उजेडाची दिशा बदलत बदलत. एखाद्या कोनात गेलेली अक्षरं चमकतात, आणि पेन्सिल दाबून लिहिलेलं असेल तर खाचेत सावलीही पडते. जे फोटो येतील ते इथे टाका, जुनं हस्ताक्षर वाचणारे आम्ही दोन-तीन जण आहोत.